घोड्याच्या पाठीवरची चाल

चालतां न येणाऱ्या मुलास घोड्यावर बसवावें, हें ऐकून पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. कांहींना तर ती क्रूर थट्टा वाटेल. ज्याला स्वतःच्या पायांवर उभें राहतां येत नाहीं, मान धड धरतां येत नाहीं, त्याला जमिनीपासून चार फूट उंच चढवून एका मुक्या जनावराच्या हवालीं करावयाचें, ही कल्पना घरांतील वडीलधाऱ्या बायकांस सांगितली तर त्या कानांवर हात ठेवतील. तथापि युरोप-अमेरिकेंत हा उपचार गेलीं साठ-सत्तर वर्षें चालू आहे. आपल्याकडेहि मोठ्या शहरांतील अश्वारोहणाच्या क्लबांतून अशा मुलांसाठीं वर्ग चालविण्याचे प्रयत्न झाले आहेत. आणि ज्या घरांत असें मूल आहे तेथें कोणी ना कोणी नातलग हल्लीं मोबाइलवर एखादें चलच्चित्र दाखवून "आपल्या बाळासाठीं हें करून पाहूं या" असें सुचवितोच. तेव्हां या उपचारांत खरें काय आहे आणि काय नाहीं, हें या वेळीं पाहण्याचें योजिलें आहे.

या उपचाराची हकीकत सांगतांना डेन्मार्कमधील लिझ हार्टेल या बाईंचें नांव प्रथम घ्यावें लागतें. घोडेस्वारींत त्या आधींच निष्णात होत्या. १९४४ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, पोटांत दिवस असतांना त्यांस पोलिओनें गांठलें आणि बहुतेक अंग लुळें पडलें. पुढें झालेली मुलगी सुदैवानें निरोगी होती. हळूहळू हातांत व मांड्यांत थोडी शक्ति परत आली. गुडघ्यांखालचे पाय मात्र कायमचे निकामी राहिले. घोड्यावर चढावयास आणि उतरावयास त्यांस माणसें लागत. अशा स्थितींत १९५२ सालच्या हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत त्या जुबिली नांवाच्या घोडीवर बसून उतरल्या. ज्या स्पर्धेंत त्या उतरल्या तिला ड्रेसाज म्हणतात. घोड्यास अगदीं सूक्ष्म खुणांनीं ठराविक पावलें टाकावयास लावण्याची ती कला आहे. तोंपर्यंत ती केवळ लष्करी अधिकाऱ्यांसाठीं राखून ठेवलेली होती. स्त्रियांस तींत प्रवेश मिळाला तो त्याच वर्षीं. हार्टेलबाईंनीं पुरुषांच्या बरोबरीनें स्पर्धा करून रौप्यपदक मिळविलें, आणि सुवर्णपदकाचे मानकरी स्वीडनचे सेंट सिर यांनीं त्यांस आधार देऊन चबुतऱ्यावर चढविलें. चार वर्षांनीं स्टॉकहोम येथें त्यांनीं पुन्हां तेंच पदक जिंकलें. पुढें नॉर्वे, इंग्लंड वगैरे देशांत अपंग मुलांसाठीं घोडेस्वारीचे वर्ग निघाले, आणि १९६९ सालीं इंग्लंडांत व अमेरिकेंतहि या कामासाठीं स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन झाल्या.

गोष्ट स्फूर्तिदायक खरी. पण तिच्यावरून एकदम उपचाराचें अनुमान काढूं नये. हार्टेलबाई प्रौढ होत्या, कसलेल्या स्वार होत्या, आणि पोलिओ हा मेंदूची समज बिघडविणारा रोग नव्हे. आपल्या घरांतील मुलांची गोष्ट निराळी आहे. पोलिओ आपल्या देशांतून गेला. त्याचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं बंगालमधील हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं भारत पोलिओमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र मिळालें. आज चालतां न येणाऱ्या मुलांत मोठा भरणा आहे तो सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचा. जन्मापूर्वीं, जन्माच्या वेळीं किंवा त्यानंतर लवकरच कोंवळ्या मेंदूस इजा होते. मूल फार अपुऱ्या दिवसांचें असतें, त्याला श्वास घेण्यास उशीर लागतो, कावीळ फार चढते, किंवा एखादा ताप मेंदूंत जातो. ही इजा पुढें वाढत नाहीं, पण भरूनहि येत नाहीं. स्नायु ताठतात, मांड्या एकमेकींवर कातरीच्या पात्यांसारख्या चढतात, पाठ व मान सांवरत नाहीं. बुद्धि मात्र पुष्कळदां शाबूत असते. अडतें तें बोलणें. आणि घरची मंडळी "त्याला कांहीं कळत नाहीं" असें त्याच्या देखत वर्षानुवर्षें बोलत राहतात.

आतां घोड्याकडे वळूं. आपण चालतों तेव्हां पाय चालतात असें आपणांस वाटतें. वास्तविक अर्धें काम कंबरेचें असतें. प्रत्येक पावलाबरोबर कंबरेचें हाडांचें कडें, ज्याला वैद्यकांत श्रोणि म्हणतात, तें किंचित् पुढेंमागें कलतें, एका अंगास वरखालीं होतें आणि थोडेंसें वळतें. घोडा सावकाश चालत असतां त्याच्या पाठीची हालचाल नेमकी याच तीन प्रकारांनीं होते, आणि ती वर बसलेल्या माणसाच्या कंबरेंत उतरते. मिनिटास सुमारें शंभर पावलें धरलीं तर दहा मिनिटांत हजारएक वेळां हा हेलकावा मिळतो. ज्या मुलानें जन्मांत एक पाऊल टाकलेलें नाहीं त्याच्या कंबरेस चालण्याची ओळख अशी परक्या पायांवरून होते. शिवाय प्रत्येक पावलास तोल थोडा ढळतो आणि थोडा सांवरावा लागतो. 'पाठ ताठ कर' असें शंभरदां सांगून जें होत नाहीं, तें मूल येथें कोणी न सांगतां करूं लागतें. मांड्या फांकून बसावें लागत असल्यामुळें त्यांच्या आंतील ताठलेल्या स्नायूंस ताण मिळतो. घोड्याच्या अंगाची ऊब माणसाच्याहून अंशभर जास्त असते, तिचाहि उपयोग होतो. म्हणून पुष्कळ ठिकाणीं खोगीर न घालतां नुसती जाड गादी व पट्टा बांधतात. यांत दुडकी नाहीं, दौड नाहीं, लगाम हातीं घेण्याची घाई नाहीं. नुसती चाल, थांबणें, वळणें, पुन्हां चाल. बाहेरून पाहणाऱ्यास ही अगदींच कंटाळवाणी गोष्ट वाटते.

येथें एका लहानशा प्रयोगाचा उल्लेख करणें जरूर आहे. २००३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत सेरेब्रल पाल्सीचीं १५ मुलें घेतलीं होतीं. कांहींना आठ मिनिटें चालत्या घोड्यावर बसविलें आणि बाकीच्यांना तितकाच वेळ, तशाच फांकलेल्या मांड्यांनीं, एका स्थिर पिंपावर बसविलें. शरीराच्या डाव्या व उजव्या बाजूचे स्नायु किती काम करतात हें आधीं व नंतर यंत्रानें मोजलें. घोड्यावरच्या मुलांत दोन बाजूंमधील विषमता कमी झाली. पिंपावरच्यांत तसा उल्लेखनीय फरक पडला नाहीं. पंधरा मुलांवरून सिद्धान्त मांडतां येत नाहीं हें उघड आहे. पण हा प्रयोग आम्हांस फार बोलका वाटतो. कारण घोडा आणि पिंप यांत बसण्याची तऱ्हा एकच होती, भेद होता तो चालीचा. हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

स्वमग्न मुलांविषयींहि एक मोठा प्रयोग झाला आहे. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत ६ ते १६ वर्षांच्या १२७ मुलांपैकीं कांहींना दहा आठवडे घोडेस्वारी दिली, आणि बाकीच्यांना तबेल्यांत घोड्यांविषयींच शिकविलें पण खरा घोडा दिला नाहीं. स्वारी करणाऱ्या मुलांची चिडचिड व अस्वस्थता अधिक कमी झाली, आणि संवादांतहि कांहीं सुधारणा दिसली.

मग घोड्यानें मूल बरें होतें काय? नाहीं. मेंदूंतील इजा घोड्यास पुसतां येत नाहीं. आजवरचे बहुतेक प्रयोग थोड्या मुलांवर झालेले आहेत. त्यांतून जें हातीं लागतें तें इतकेंच कीं बसण्याचा तोल, धडाचा ताबा आणि कांहीं मुलांत उभें राहण्या-चालण्याची क्रिया यांत सुधारणा होते, व ती टिकविण्यास नेहमींचे व्यायाम चालूच ठेवावे लागतात. हा उपचार फिजिओथेरपीच्या जागीं नाहीं, तिच्या जोडीस आहे. दोन महिन्यांत मूल चालूं लागेल असें जो सांगेल त्याच्या दारीं दुसऱ्यांदां जाऊं नये. आणि कांहीं मुलांना तर घोड्यावर मुळींच बसवूं नये. डाउन सिंड्रोमच्या कांहीं मुलांत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील सांधा सैल असतो. सेरेब्रल पाल्सींत खुब्याचें हाड खोबणींतून सरकलेलें असण्याचा संभव असतो. कोणाची आंकडी औषधांनीं आटोक्यांत आलेली नसते, कोणाचीं हाडें ठिसूळ असतात, कोणाचा कणा फार वांकलेला असतो. म्हणून आधीं तज्ज्ञ डॉक्टरांची तपासणी, जरूर तर खुब्याचें व मानेचें क्ष-किरण छायाचित्र, आणि मग घोडा. हा क्रम उलटा होतां कामा नये.

याच ठिकाणीं माथेरानचा विषय काढणें भाग आहे, कारण पुष्कळ कुटुंबांत हा उपचार तेथेंच उरकला जातो. माथेरानांत मोटारींस बंदी असल्यामुळें घोडा हें तेथील नित्याचें वाहन आहे, आणि सुटींत नेलेल्या मुलास दस्तुरीपासून बाजारापर्यंत तट्टावर बसवून आणलें म्हणजे 'घोडेस्वारीहि करून पाहिली, कांहीं गुण आला नाहीं' असें सांगावयास मंडळी मोकळी होतात. माथेरानच्या घोडेवाल्यांस यांत बोल नाहीं; त्यांचा धंदा प्रवासी पोंचविण्याचा आहे. पण ती चढउताराची वाट, तें टणक खोगीर, मागून येणाऱ्या घोड्यांची गर्दी आणि लगाम धरून भरभर चालणारा एकच माणूस यांत उपचार कोठें बसणार? मुलाची मौज होत असेल तर ती अवश्य करावी; हांसूं हाहि एक लाभच आहे. मात्र तिला मौजच म्हणावें.

मुंबईंत महालक्ष्मीनजीक केशवराव खाड्ये मार्ग आहे. त्याच्या कडेस शर्यतींचें विस्तीर्ण मैदान आहे. तेथें १८८३ पासून घोडे धांवत आले आहेत. त्याच रस्त्यावर, हाजी अली येथें, १९५५ सालीं स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. याच भागांत अपंग मुलांच्या उपचारांचें काम उभें राहिलें तें फातिमा इस्माईल या बाईंच्या खटपटीनें. स्वतःच्या मुलीस पोलिओ झाल्यावर त्यांनीं १९४७ सालीं मुंबईंत अशा मुलांसाठीं दवाखाना काढला होता. पुढें १९७२ सालीं मिठू अलूर यांनीं सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीं देशांतली पहिली स्वतंत्र शाळा कुलाब्यास सुरू केली, तीहि आपल्या मुलीच्याच निमित्तानें. म्हणजे देशांतील उत्तमोत्तम घोडे आणि पांगळ्या मुलांवर उपचार जाणणारे लोक हे मुंबईंत एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. शहरांतील सुखवस्तु कुटुंबानें मनावर घेतलें तर डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि घोडा यांची सांगड घालणें अगदींच अशक्य नाहीं.

पण ज्यांना यांतलें कांहींच जवळ नाहीं त्यांचें काय? त्यासाठीं फार दूर जावयास नको. याच मुंबईपासून शंभर मैलांच्या आंत मोखाड्याचा डोंगराळ मुलूख आहे आणि त्यांत सूर्यमाळ हें सुमारें १८०० फूट उंचीवरचें गांव आहे. पावसाळ्यांत धुकें आणि हिरवळ पाहावयास आपल्यापैकीं पुष्कळजण खोडाळ्याच्या वाटेनें तिकडे जातात, देवबांधच्या गणपतीचें दर्शन घेतात आणि छायाचित्रें काढून परततात. शेजारीं जव्हारचें मुकणे घराण्याचें संस्थान होतें, तें १९४८ सालीं विलीन झालें. २०१४ पासून जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत मोडतात. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर व कातकरी लोकांची.

घोडा या मुलुखास अनोळखी नाहीं. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीस जातांना शिवाजीमहाराजांचा मुक्काम जव्हारजवळ शिरपामाळ येथें पडला आणि जव्हारच्या राजानें त्यांस शिरपेंच अर्पण केला, अशी तेथील परंपरा आहे. वारल्यांच्या लग्नांत सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात, त्यांत पालघट देवीच्या शेजारीं घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव असतो. परंतु हा घोडा भिंतीवरचा. वारल्याच्या दारांत बांधलेलें असतें तें बैल, शेळी, फार तर कोंबड्यांचें खुराडें. उतारावर नागली व वरई, खाचरांत भात. आणि दिवाळी झाली कीं कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर कामास निघतात. चालतां न येणारें मूल तोंवर लहान असेल तर आईच्या कडेवर बसून जातें. तें पांच-सहा वर्षांचें झालें, अंगानें जड झालें, म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो. मग एक तर तें म्हाताऱ्या आजीपाशीं पाड्यावर राहतें, नाहीं तर भट्टीवरील झोपडीच्या तोंडाशीं दिवसभर बसून राहतें. आठवड्यांतून तीनदां फिजिओथेरपीस नेण्याचा सल्ला तेथें कोणी द्यावा आणि कोणी पाळावा? सरकारनें चाकांची खुर्ची दिली तरी त्या चढउतारावर आणि पावसाळी चिखलांत ती दोन घरांपलीकडे जात नाहीं.

हें वाचून हळहळणाऱ्या आपल्या मंडळींस एक विचारावेंसें वाटतें. आपल्या घरांतील असें मूल कोठें असतें? मुलगी पाहावयास पाहुणे यावयाचे असले कीं तें आंतल्या खोलींत जातें; 'थोरल्याच्या मुलाला असें आहे हें कळलें तर धाकट्याचें लग्न जमणार नाहीं' अशी कुजबूज माजघरांत होते. वारली बाईस कामामुळें मूल बसवून ठेवावें लागतें. आपण लाजेनें ठेवतों. शासनानें 'दिव्यांग' हा नवा शब्द रूढ केला आहे. शब्द भारदस्त खरा. पण त्यानें आंतल्या खोलीचें दार उघडल्याचें अजून कोठें दिसत नाहीं.

आतां मघांच्या पिंपाची आठवण करावी. सूर्यमाळच्या वाटेवर डोक्यावर हंडा आणि कडेवर मूल घेऊन चालणाऱ्या बाया कोणींहि पाहिल्या असतील. कडेवरच्या मुलाची बैठक कशी असते? एक मांडी आईच्या पोटाशीं, एक पाठीशीं. म्हणजे स्वारासारखीच फांकलेली. आणि आई चालत असते. तिच्या कंबरेची प्रत्येक हालचाल मुलाच्या कंबरेंत जाते. ही पिंपावरची बैठक नव्हे. मुलांना असें मांड्या फांकून वागविण्याची रीत ज्या समाजांत आहे तेथें जन्मजात खुबा निखळण्याचें प्रमाण कमी आढळतें, आणि जेथें पाय सरळ जुळवून घट्ट बांधून ठेवतात तेथें तें अधिक आढळतें, हें अस्थिरोगाच्या तज्ज्ञांस फार दिवसांपासून ठाऊक आहे. ताठलेल्या अंगाच्या मुलास दोन्ही पाय जुळवून, लांकडासारखें आडवें उचलण्याऐवजीं मांड्या वेगळ्या ठेवून कडेवर घ्यावें, असेंच या विषयावरील जाणते लोक सांगतात. मेक्सिकोंतील एका डोंगरी गांवांत काम केलेल्या डेव्हिड वर्नर यांनीं १९८७ सालीं 'डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन' नांवाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. खेड्यांत मिळणाऱ्या लांकडाच्या ओंडक्यांतून, जुन्या टायरांतून, दोरांतून अशा मुलांसाठीं साधनें कशीं करावीं, त्यांना उचलावें-बसवावें कसें, हें त्यांत शेंकडों साध्या चित्रांनीं दाखविलें आहे. आमच्या मतें घोड्यावरील कोणत्याहि पुस्तकाहून सूर्यमाळच्या अंगणवाडीस तो ग्रंथ अधिक कामास येईल.

आईच्या कडेस घोड्याची सर येते असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तसा प्रयोग करून कोणी मोजमाप केलेलें आमच्या वाचनांत नाहीं, आणि आईची कंबरहि कांहीं जन्मभर पुरणारी नाहीं. म्हणणें इतकेंच आहे कीं घोड्याच्या उपचारांत गुणाची वस्तु जी आहे, म्हणजे फांकलेली बैठक आणि चालत्या अंगाचा लयबद्ध हेलकावा, ती या बायका अजाणतां देत आल्या आहेत; आणि शहरांतील आपल्या मुलाबाळांस आपण चाकांच्या बाबागाडींत घालून ती काढून घेतली आहे. आजोबांनीं मांडीवर बसवून खेळावयाचा 'घोडा घोडा' हा खेळहि अशा मुलाच्या वांट्यास सहसा येत नाहीं. त्याला कांहीं होईल या भीतीनें त्याला कोणी उचलतच नाहीं. फिजिओथेरपिस्टास विचारून, मान व कणा कसा धरावा हें शिकून घेऊन, हा खेळ रोज पांच मिनिटें खेळावयास कोणती हरकत आहे?

सूर्यमाळसारख्या ठिकाणीं एखादें तट्टू देणगी द्यावें, अशी कल्पना कोणा उदार वाचकास सुचेल. कल्पना वाईट नाहीं. डोंगरांत चाकाला जेथें वाट मिळत नाहीं तेथें घोड्यास मिळते, आणि तेथें तें उपचाराबरोबर शाळेस जाण्याचें साधनहि होईल. आपल्या भीमा खोऱ्यांतील भीमथडीचें तट्टू ठेंगणें आणि काटक; देशी जात म्हणून त्याची अलीकडे स्वतंत्र नोंदहि झाली आहे. घोडा ठेंगणा असला म्हणजे दोन्ही बाजूंनीं चालणाऱ्यांस मुलाला धरणें सोपें जातें. पण नुसतें तट्टू पाठवून काय होणार? त्याचा दाणावैरण, त्याचे नाल, आजारीपण, मोतद्दाराचा पगार हें सर्व बारमाही. आणि उपचार जाणणारें माणूस नसेल तर दोन महिन्यांत तें लग्नाच्या वरातींत दिसूं लागेल. आधीं माणूस पाठवावें, घोडा मागाहून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं २०१३ पासून आरोग्यपथकांनीं अंगणवाडींतील मुलांची वर्षांतून दोनदां व शाळेंतील मुलांची एकदां तपासणी करावयाची असते, आणि ज्या मुलांत व्यंग किंवा वाढींत विलंब दिसेल त्यांस जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडावयाचें असतें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें एकवीस प्रकारचीं व्यंगें मानलीं आहेत, आणि शेंकडा चाळीस किंवा त्याहून अधिक व्यंग असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पाड्यावरून केंद्रापर्यंतचा फेरा, बुडालेली मजुरी, दाखल्याचे कागद, भट्टीवरून परत येण्याचे दिवस या ठिकाणीं हीं मुलें गळतात. ज्यांस कांहीं करावयाचें असेल त्यांनीं या फेऱ्याचा खर्च आणि सोबतीस एक शहाणें माणूस द्यावें.

शहरांतल्या ज्या कुटुंबांस घोड्याची सोय शक्य आहे त्यांनीं वर्गांत नांव घालण्यापूर्वीं कांहीं चौकशी करावी. फिजिओथेरपिस्ट स्वतः मैदानावर हजर असतो कीं त्याचें नांव फक्त पाटीवर आहे? घोडा वयानें पोक्त व स्वभावानें शांत आहे ना, छत्री उघडली, मूल एकाएकीं किंचाळलें तर तो बुजत नाहीं ना? त्याच्यावर दिवसांतून किती मुलें बसतात? थकलेल्या घोड्याची चाल वांकडी पडते, आणि वांकडी चाल मुलास वांकडेपणाच शिकविते. चढण्यासाठीं उतरता ओटा आहे कीं मुलास बखोटीस धरून वर ओढतात? डोक्यास शिरस्त्राण हवेंच. पहिल्या दिवशीं मूल रडलें तर त्याला घोड्याजवळ नुसतें उभें करावें, हात फिरवूं द्यावा, त्याच्या श्वासाचा आवाज ऐकूं द्यावा, आणि घरीं आणावें. दुसऱ्या खेपेस पाहतां येईल.

आणि येथें एकत्र कुटुंबाचा उपयोग होतो. या उपचारास घोडा महाग पडतो, पण त्याहून महाग पडतात तीं माणसें. एका मुलामागें तीन लागतात. एकानें घोडा चालवावयाचा आणि दोघांनीं दोन बाजूंनीं चालावयाचें. आईबाप दोघेच असलेल्या घरास हें झेपत नाहीं, आणि म्हणून पुष्कळजण तीनचार खेपांनंतर वर्ग सोडतात. ज्या घरांत काका आहे, आत्या आहे, कॉलेजांत जाणारा चुलतभाऊ आहे, तेथें दर रविवारीं दोन जोड पाय सहज निघावेत. घोड्याचें तोंड मात्र शिकलेल्या माणसाच्याच हातीं असावें, आणि त्यानें मुलाकडे न पाहतां घोड्याकडे पाहावें. बाजूनें चालणाऱ्यानें आंतला हात मुलाच्या मांडीवरून आडवा टाकून गादीचा पट्टा धरावा. मुलाचा दंड किंवा सदरा धरूं नये, कारण तोल गेला कीं आपण त्याला आपल्याच बाजूस ओढतों. अर्ध्या वेळानें बाजू बदलावी, नाहीं तर हात भरून येतो. आणि दोघा चालणाऱ्यांनीं मुलाच्या डोक्यावरून आपसांत गप्पा मारूं नयेत. काय बोलावयाचें तें त्याच्याशीं बोलावें.